गंधकाशेजारचे चौकोनी कडे

१९४३ साली पेनिसिलिनमध्ये गंधक आहे असे निश्चित झाले, आणि त्याच्या रेणूच्या घडणीविषयी ऑक्सफर्डमध्ये मोठा वाद माजला. गंधकासह पाच अणूंचे एक कडे रेणूत आहे, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. दुसरे कडेही पाच अणूंचे, असे सर रॉबर्ट रॉबिन्सन यांचे मत. ते चारच अणूंचे, असे एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांचे म्हणणे. चौकोनी कड्यात अणुबंध फार ताणले जातात, म्हणून पुष्कळांना ते अशक्यप्राय वाटे.

डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वादाचा निवाडा स्फटिकाकडे सोपविला. पेनिसिलिनच्या क्षारात धातूचे धनभारित आयन ऋणभारित रेणूंना एकत्र बांधतात व त्यांची नियमित रचना सिद्ध होते. पोटॅशियम व रुबिडियम यांच्या क्षारांचे स्फटिक एकाच साच्याचे. भेद काय तो धातूचा. क्ष-किरणचित्रांतील तो भेद ताडून आणि सोडियमच्या क्षाराशी मेळ घालून १९४५ साली रेणू उलगडला. कडे चौकोनीच होते!

जंतूंची भित्तिका बांधणारे विकर याच ताणलेल्या कड्याशी जखडून निकामी होते. जंतूंनी ते कडे आधीच फोडले, तर औषध वाया जाते. म्हणून पुढील पेनिसिलिने घडविताना रसायनज्ञांनी बाजूच्या शाखा बदलल्या. कडे मात्र जपले.