समेवर आणणारं बटण

आपल्याकडे 'डीजे' हा माणूस नसतो. 'यंदा डीजे लावायचा का?' असं मंडळाच्या बैठकीत कुणी विचारतं, तेव्हा विषय ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीचा असतो. त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराचं नावही कुणाला ठाऊक नसतं. हा लेख त्या पोराच्या अनेक कामांपैकी एकाच कामाबद्दल आहे: एक गाणं संपत असताना दुसरं अशा बेतानं आत आणायचं, की नाचणाऱ्याचा पाय अडू नये.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका बटणावर होतं. बटणावर 'सिंक' असं लिहिलेलं असतं. तबकड्यांवर शिकलेल्या जुन्या डीजेंना हे बटण म्हणजे कॉपी करून पास होणं वाटतं. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे माझा कल अर्थातच बटणाकडे होता. मग चुलतबहिणीच्या हळदीला मी स्वतः लॅपटॉप घेऊन बसलो. सत्तरच्या दशकातलं एक हिंदी गाणं वाजत होतं, त्याला नवा डान्स ट्रॅक जोडायला सिंक दाबलं. पहिले काही सेकंद झकास गेले. मग दोन ठेके हळूहळू एकमेकांपासून सुटले आणि लंगडा घोडा पळावा तसा आवाज येऊ लागला. नाचता नाचता थांबून काकू म्हणाली, "काय झालं रे?" उत्तर मलाही माहीत नव्हतं. ते शोधत गेलो तर थेट १९७० च्या न्यूयॉर्कपर्यंत जाऊन पोचलो.

तिथे एका जुन्या जर्मन बॅप्टिस्ट चर्चच्या इमारतीत 'सँक्च्युअरी' नावाचा क्लब होता आणि फ्रान्सिस ग्रासो तिथे रेकॉर्डी लावायचा. दोन टर्नटेबलं त्याच्या आधीही होती. एक गाणं संपलं की दुसरं सुरू, मधे खंड नाही, इतपत सफाई बऱ्याच जणांकडे होती. ग्रासोनं दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली रेडिओवाल्यांकडून आलेली: फिरत्या थाळीवर फेल्टची चकती ठेवायची, तिच्यावर रेकॉर्ड. थाळी खाली फिरत राहते, रेकॉर्ड बोटानं धरून ठेवायची आणि हव्या त्या ठोक्यावर सोडायची. यानं गाणं अचूक क्षणी सुरू होतं. दुसरी गोष्ट अवघड. एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानानं हॉलमधलं, आणि टर्नटेबलाचा वेग कमीजास्त करत दोन्हींचे ठोके जुळवून ती एकावर एक चालवायची. लेड झेपेलिनच्या एका गाण्यातला आवाज शिकागो बँडच्या एका गाण्यातल्या ढोलांवर चढवण्याची त्याची जोडणी अजून सांगितली जाते.

आपल्या भाषेत सांगायचं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात: लय आणि सम. दोन गाणी एकाच वेगात असली तरी एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडत असेल तर ऐकवत नाही. उलट सम अचूक गाठली पण लयीत किंचित फरक राहिला, तर सुरुवात गोड आणि पुढे बोंब. किंचित म्हणजे किती? मिनिटाला १२८ ठोके असतील तर दोन ठोक्यांत सुमारे ४६९ मिलिसेकंद असतात. दुसरं गाणं १२८.१ वर असेल तर प्रत्येक ठोक्याला साधारण ०.३७ मिलिसेकंदाची तूट पडते. काहीच नाही, असं वाटतं. पण ६४ ठोक्यांत, म्हणजे अर्ध्या मिनिटात, ती २३ मिलिसेकंदांवर जाते आणि एका ठोक्याचे दोन ऐकू यायला लागतात. दोन मिनिटांत ९४. हा झाला लंगडा घोडा.

आता ग्रासोची खरी अडचण लक्षात येते. त्याच्या रेकॉर्डींवर रॉक होतं, सोल होतं, ओलातुंजीचे आफ्रिकी ढोल होते, आणि सगळं हाडामांसाच्या माणसांनी वाजवलेलं. ड्रमर रंगात आला की लय चढते, कडवं शांत असलं की उतरते. त्यामुळे एकदा जुळवून हात झटकता येत नव्हते. रेकॉर्डच्या कडेला बोट लावून ती जराशी थोपवायची, कधी पुढे ढकलायची, हे अखंड चालायचं. हात सतत कानाच्या मागे धावत होता.

मात्सुशिता कंपनीनं १९७२ साली टेक्निक्स एसएल-१२०० बाजारात आणलं. ते खरं तर घरी बसून ऐकणाऱ्या शौकिनांसाठी होतं. मोटर थेट थाळीला जोडलेली, मधे पट्टा नाही, त्यामुळे रेकॉर्ड धरून सोडली तरी थाळी लगेच वेगात येते. १९७९ च्या एमके-टू मॉडेलमध्ये क्वार्ट्झचं नियंत्रण आलं आणि वेग आठ टक्के वरखाली करणारी सरकपट्टी आली. १२८ चं गाणं आता साधारण ११८ ते १३८ पर्यंत कुठेही नेता येत होतं, आणि नेलं की थाळी तिथेच राहत होती. यंत्र सरळ झालं. गाणी अजून वाकडी होती.

पण तीही सरळ होत चालली होती, आणि मला या इतिहासातला सर्वांत रोचक भाग हाच वाटतो. फिलाडेल्फियाचा ड्रमर अर्ल यंग यानं १९७३ च्या सुमारास चारही मात्रांवर सारखा बेस ड्रम वाजवायची पद्धत रूढ केली. पुढे डिस्को म्हणजे तोच ठेका. टॉम मोल्टननं नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवायला सुरुवात केली: मधला ढोलांचा तुकडा वाढव, पुन्हा जोड. बारा इंची सिंगलचा जन्मही त्याच्याच कामातून झाला. नमुन्याची तबकडी कापताना सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर कापून पाहिलं, आणि खाचा लांब लांब पडल्यामुळे आवाज दणदणीत आला. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' वॉल्टर गिबन्सच्या मिक्ससह बारा इंची रेकॉर्डवर दुकानात विकायला आलं. हळूहळू या रेकॉर्डींची रचनाच बदलली. आरंभी आणि शेवटी नुसता ठेका, गाणं मधे. रेडिओवर ऐकणाऱ्याला तो आरंभ कंटाळवाणा वाटेल. तो त्याच्यासाठी नव्हताच. दागिन्याला आकडा असावा तसा तो पुढच्या गाण्यात अडकवायला होता.

मग ड्रमरच गेला. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडरनं डोना समरचं एक गाणं जवळपास पूर्णपणे सिंथेसायझरवर उभं केलं. रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं, ९०९ हे १९८३ मध्ये. शिकागोचं हाउस आणि डेट्रॉइटचं टेक्नो याच पेट्यांवर उभं आहे. आणि इथे मुंबईचा एक माणूस ठसठशीतपणे मधे येतो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली, ती फारशी कुणी घेतली नाही, आणि २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जग चकित झालं, कारण शिकागोच्या ॲसिड हाउसआधी काही वर्षं हा आवाज मुंबईत होऊन गेला होता. ही रेकॉर्ड सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहा. तिची लय जागची हलत नाही.

जुळवणीशिवायही रात्रभर नाचवता येतं, याचं उदाहरण मात्र आपल्या शेजारीच आहे. गोव्यात अंजुण्याच्या किनाऱ्यावर उन्हात, रेतीत विनाइल टिकत नसे. तिथे आधी कॅसेटी चालल्या, नंतर डॅट टेप. डॅटच्या यंत्राला सहसा ना धरायला थाळी, ना वेगाची सरकपट्टी. मग जुळवणार कसं? नाही जुळवायचं. गोवा ट्रान्सच्या कित्येक ट्रॅकांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेक्याविना तरंगणारे सूर असतात. एकाचा धूर विरताना दुसऱ्याचा पसरतो, लय भिडण्याचा प्रश्नच येत नाही. साधन बदललं की संगीताची कडही बदलते.

सॉफ्टवेअर या सगळ्यानंतर आलं. ॲमस्टरडॅमच्या एन-टू-आयटी या कंपनीनं शतक पालटताना 'फायनल स्क्रॅच' बनवलं. रेकॉर्डवर गाण्याऐवजी वेळेची खूण कोरलेली, आणि ती वाचून संगणक आपल्याकडची फाइल त्या वेगानं वाजवणार. (पहिली आवृत्ती बीओएसवर चालायची, हे वाचून मी उगाच हळवा झालो.) रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविवा हे डीजे सुरुवातीपासून या प्रकल्पासोबत होते. पाठोपाठ बर्लिनहून ट्रॅक्टर आलं, न्यूझीलंडहून सेराटो. एक जुनी अडचण तेव्हाच मिटत होती. तबकडीचा वेग वाढवला की सूरही चढतो. १२८ चं १३२ केलं तर हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्यानं. दोन ढोलांना चालून जातं, दोन गायकांना नाही. आवाजाचे बारीक तुकडे करून सूर तसाच ठेवत वेग बदलण्याचं गणित बेल लॅब्जमध्ये १९६६ लाच झालं होतं. ते डीजेच्या हाताखाली यायला प्रोसेसर स्वस्त व्हावे लागले.

सिंकचं बटण त्याच्यापुढची पायरी. सॉफ्टवेअर आधी फाइलमध्ये आघात शोधतं, म्हणजे आवाजाची ऊर्जा एकदम कुठे उसळते ते. मग हे आघात किती अंतरानं परत येतात ते तपासून लय ठरवतं. (८७ च्या जागी १७४ म्हणणं ही त्याची नेहमीची चूक, आपणही दुगुन आणि ठाय यांत कधीकधी गोंधळतोच.) शेवटी पूर्ण गाण्यावर समान अंतराच्या रेषांची जाळी टाकतं. त्या जाळीला दोनच आकडे पुरतात: लय किती, आणि पहिली सम कुठे. सिंक दाबलं की एका गाण्याचे हे दोन आकडे दुसऱ्याला लावले जातात. बस्स. ज्या कामासाठी ग्रासोचा हात रात्रभर धावायचा त्याचं दोन आकड्यांत मावण्याइतकं सुलभीकरण बटणानं केलेलं नाही. ते आधीच्या तीस वर्षांत अर्ल यंगच्या पायानं, मोल्टनच्या कात्रीनं आणि रोलंडच्या पेट्यांनी केलं होतं. गाणीच जाळीवर विणली जात होती. बटण फक्त ती जाळी वाचतं.

त्यामुळे 'सिंक म्हणजे फसवणूक' हा वाद मला आता चुकीच्या जागी चाललेला वाटतो. लय जुळली म्हणजे जोडणी झाली, असं होत नाही. दोन बेस ड्रम एकत्र वाजले की खालचे सूर एकमेकांना फुगवतात किंवा खातात, म्हणून येणाऱ्या गाण्याचा बेस बंद ठेवून सोळा किंवा बत्तीस बारांचा टप्पा पुरा होईल त्या समेवर एकाचा उतरवायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा. टप्पा चुकला तर सगळे ठोके जुळूनही बेरंग होतो. आणि कुठलं गाणं कशानंतर, हे बटणाला काय कळणार? फसलेलं हळदीचं गाणं वेगळ्या कारणानं फसलं होतं. ते बटणाच्या इतिहासाबाहेरचं होतं. स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेलं, मुखड्याला ११६ आणि शेवटच्या अंतऱ्यात जवळजवळ १२० वर गेलेलं. सॉफ्टवेअरनं मधलाच एक आकडा धरला होता.

नंतर एका संध्याकाळी मी त्या गाण्याच्या प्रत्येक बारावर हातानं खूण केली. साडेचार मिनिटांच्या गाण्याला तीन तास लागले. मग सॉफ्टवेअरनं विचारलं की हे गाणं सरळ करू का, सगळे बार एका मापाचे? करून ऐकलं. ढोलकीवाला सरकारी नोकरीत लागल्यासारखा वाजवत होता. मी ते रद्द केलं आणि उलट केलं: जुनं गाणं मुख्य ठेवलं, नव्या ट्रॅकला त्याच्या मागे लावलं. पुढच्या लग्नात शेवटचा अंतरा आला, ढोलकीवाला चढला, आणि त्याच्यामागोमाग ड्रम मशीनही.