मुंबईतले गाइजीन



जपानात आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे एक कचऱ्याची गोष्ट असतेच. आमचीही आहे. निशी-कसाईला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी प्लास्टिकची पिशवी ठेवून आलो. संध्याकाळी बघतो तर आमचीच पिशवी तिथे एकटी बसलेली, अंगावर चिठ्ठी डकवलेली. चिठ्ठीतली एक कांजी वाचता येईल तर शपथ! शेवटी शेजारच्या आजींनी आम्हाला खाली नेऊन, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. त्याआधी घर शोधताना "घरमालकांना गाइजीन नको आहेत, माफ करा" हे कमरेतून वाकून, अगदी अदबीनं, तीन ठिकाणी ऐकून झालं होतं.

या गोष्टी आपण गणपतीत आणि दिवाळीत एकमेकांना रंगवून सांगतो. अशाच एका गप्पांत माझ्या ऑफिसातले एक वयस्कर सहकारी बसले होते. आमचं सगळं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे कसे राहता ते कळलं. पण आमची माणसं तुमच्या मुंबईत शंभर वर्षांपूर्वी कशी राहिली, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?"

खरं सांगायचं तर कुणालाच नव्हतं. मी दादरला वाढलो. वरळीच्या जपानी बुद्धमंदिरावरून बसनं शेकडो वेळा गेलो असेन, पण ते तिथे का आहे हा प्रश्न कधी पडला नाही. घरी आल्यावर वाचायला लागलो. त्यातून जे हाती आलं ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

कापसाच्या वाटेनं

जपान्यांच्या दृष्टीनं आपला देश म्हणजे 'तेंजिकु', बुद्धाची जन्मभूमी, पोथ्यांमधली दूरची जागा. हजार वर्षं या तेंजिकुचं नाव त्यांनी घेतलं, पण प्रत्यक्ष तिथे जाऊन राहणारा जपानी माणूस जवळपास नव्हताच. तो आला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि बुद्धासाठी नव्हे, तर आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसासाठी!

मेइजी काळात ओसाकात मोठ्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या. ओसाका स्पिनिंगची गिरणी १८८३ साली सुरू झाली. त्यामागे शिबुसावा एइइची होते, तेच ज्यांचा चेहरा २०२४ पासून आपल्या दहा हजार येनच्या नोटेवर आहे. जपानात पिकणारा कापूस या गिरण्यांना पुरेना, तेव्हा नजर वळली हिंदुस्थानकडे. आपला कापूस आखूड धाग्याचा, पण स्वस्त. जपान्यांनी चिनी, हिंदी आणि अमेरिकन कापूस हिशेबानं मिसळून सूत काढण्याची कला साधली. व्यापारात आपल्या कापसाच्या एका मोठ्या प्रकाराला 'ऊमरा' म्हणत. हे नाव अमरावतीवरून पडलेलं. म्हणजे आपल्या अमरावतीचं नाव ओसाकाच्या बाजारात रोज घेतलं जात होतं!

अडचण होती जहाजांची. मुंबई ते पूर्वेकडची वाहतूक पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठीत होती, आणि भाडं त्या म्हणतील ते. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानात आले आणि शिबुसावांना भेटले. टाटा आणि निप्पोन युसेन काइशा यांनी मिळून मुंबईची बोट सुरू करायचं ठरवलं. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जपानची ही पहिली दूर पल्ल्याची नियमित बोटसेवा. (त्याच वर्षी जपानहून व्हँकुव्हरला जाताना जमशेटजींच्या बोटीवर सहप्रवासी कोण होते? शिकागोला निघालेले स्वामी विवेकानंद!)

पी. अँड ओ.नं लगेच दर पाडले. टनाला सतरा रुपयांच्या वर असलेलं भाडं दीड रुपयाच्या आसपास आलं. इथे दोन देशांतला फरक दिसला. स्वस्त भाडं बघून आपले बरेच व्यापारी पुन्हा जुन्या कंपनीकडे पळाले. जपानी गिरण्यांच्या संघानं मात्र कापूस आपल्याच बोटीनं आणायचा असा करार केला आणि दर पडले तरी तो पाळला. टाटांची बोट बंद पडली, जपान्यांची चालू राहिली. हे वाचताना मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

फोर्ट, कॉटन ग्रीन आणि कामाठीपुरा

बोटीपाठोपाठ माणसं आली. मित्सुई बुस्सानचं ऑफिस १८९३ च्या सुमारास, आणि लगोलग १८९४ साली योकोहामा स्पेसी बँक आणि जपानची वकिलात. पुढे निप्पोन मेन्का आणि गोशो या कापूस कंपन्याही आल्या. ऑफिस फोर्टात, कापसाच्या गाठी कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर (१९२० च्या दशकात हा बाजार शिवडीला हलला) आणि खरेदी थेट आतल्या मुलखात. जपानी कंपन्यांचं वैशिष्ट्य हेच, की त्या मुंबईत बसून दलालावर विसंबल्या नाहीत. त्यांची माणसं हंगामात रेल्वेनं आत जात, जिनिंगपाशी उभं राहून कापूस हातात घेऊन पाहत. ऐन उन्हाळ्यात विदर्भात कोट घालून उभा असलेला ओसाकाचा तरुण डोळ्यांसमोर आणा! ना भाषा, ना ओळखीचं जेवण. भात मिळाला तरी आपला मोकळा, चिकट नव्हे. आपण इथे आंबेमोहोर आणि तूरडाळीसाठी दुकानं धुंडाळतो, तसा तो मिसोसाठी बोटीची वाट बघत असणार. शिवाय साहेबाच्या राज्यात तो ना साहेब, ना 'नेटिव्ह'. मधल्या पायरीवर उभा. ही मधली पायरी आपल्यालाही चांगलीच ओळखीची आहे, नाही का?

पण मुंबईत आलेले सगळेच जपानी कोटवाले नव्हते. क्यूशू बेटावरच्या गरीब गावांतल्या मुलींना फसवून किंवा कर्जापोटी पूर्वेकडच्या बंदरांत विकलं जाई. त्यांना 'काराय़ुकी-सान' म्हणत. हाँगकाँग, सिंगापूर, रंगून आणि आपला कामाठीपुरासुद्धा. १९२० च्या सुमारास जपान सरकारनं परदेशातले हे अड्डे बंद करायला घेतले, तोवर कित्येक जणी परत जाण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. वरळीला एक छोटी जपानी दफनभूमी आहे. मुंबईत वारलेल्या जपान्यांची ती जागा, आणि त्यांत या मुलीही आहेत. आपण परदेशी गेलेल्यांचा इतिहास सांगतो तेव्हा बहुधा बँका आणि कंपन्यांचा सांगतो. या मुलींची नावं त्यात नसतात, म्हणून हा परिच्छेद मुद्दाम लिहिला.

उलटी टपाल

जपानची हवा महाराष्ट्रातही पोचत होती. १९०५ साली जपाननं रशियाला हरवलं तेव्हा आपल्याकडे घरोघर जपानचं कौतुक झालं. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि त्यातून १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एस.एन.डी.टी. कर्व्यांना स्फूर्ती देणारं ते विद्यापीठ १९०१ साली स्थापन झालं आणि ते मेजिरोला आहे, यामानोते लाइनवरच! आपल्यातल्या किती जणी त्या स्टेशनवरून रोज जात असतील. आणि ज्यांच्या आई-आज्या एस.एन.डी.टी.त शिकल्या, त्यांनी एकदा तिथे उतरून यावं असं मला मनापासून वाटतं.

शेतकरी आणि गिरणीवाला

१९२० च्या दशकात हिंदुस्थानच्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपान होतं. निर्यातीतला जवळपास निम्मा कापूस तिकडे जाई. आणि त्याच कापसाचं कापड होऊन परत येई, मुंबईच्या गिरण्यांपेक्षा स्वस्त. मुंबईचे गिरणीमालक म्हणत, जपानात बायका रात्रपाळीत राबतात म्हणून कापड स्वस्त पडतं. (ही रात्रपाळी तिथे १९२९ साली बंद झाली.) १९३३ साली सरकारनं ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तर दिलं: हिंदी कापूस घेणंच बंद!

आता बघा, भांडण फोर्टातल्या ऑफिसांत, पण मार कुणाला? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला. आधीच मंदीनं कापसाचे भाव कोसळलेले, त्यात हे. सप्टेंबरपासून सिमल्याला बोलणी चालली आणि जानेवारी १९३४ मध्ये तोड निघाली. जपाननं दहा लाख गाठी घ्यायच्या, बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड हिंदुस्थानात आणायचं. जास्त गाठी घेतल्या तर जास्त कापड, पण चाळीस कोटी वारांच्या वर नाही. गाठ आणि वार एकमेकांना दोरीनं बांधलेले. मुंबईतला जपानी माणूस या सगळ्यात एकाच वेळी गिरणीवाल्याचा वैरी आणि शेतकऱ्याचा आधार होता. परदेशी माणूस चांगला की वाईट हा प्रश्न कुणाला विचारतो त्यावर उत्तर ठरतं, ते असं.

वर्ध्याचा ढोल

याच काळात एक वेगळा जपानी आला. निप्पोनझान म्योहोजी पंथाचे भिक्षू फुजी निचिदात्सु १९३१ साली हिंदुस्थानात आले, १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. हातातला पंख्यासारखा ढोल वाजवत 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' म्हणत चालणं, ही त्यांची उपासना. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत. तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामला राहत असे, सूत काती, कामाला लागे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. त्याआधीच जुलैमध्ये ब्रिटिशांनी जपानी पैसा गोठवला होता आणि बरेच जपानी मायदेशी गेले होते. उरलेल्यांना पकडलं. सेवाग्रामच्या भिक्षूलाही पोलीस घेऊन गेले. मलाया-सिंगापूरचे जपानी आणि इथले, बायकापोरांसह, दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंत ठेवले गेले. १९४२ साली काही जणांची अदलाबदल झाली, बाकीच्यांना पुढे राजस्थानात देवळीला हलवलं. ते सुटून घरी गेले १९४६ साली. कालपर्यंत ज्याच्याशी गाठींचा सौदा केला तो एका रात्रीत 'शत्रू देशाचा नागरिक'! परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात पासपोर्ट असतो. तो कधी काय ठरेल हे आपल्या हातात नसतं.

एक गोष्ट मात्र राहिली. भिक्षू गेला, पण त्याचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत चालू राहिला. युद्ध चालू असताना, शत्रूच्या देशातला मंत्र, रोज.

पुन्हा एकदा

१९५२ साली भारत-जपान शांतता करार झाला. वरळीचं बुद्धमंदिर जुगलकिशोर बिर्लांच्या मदतीनं याच दशकात बांधलं गेलं. गोव्याचं लोहखनिज जपानी पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागलं. १९८० च्या दशकात सुझुकी-मारुतीच्या कारखान्यात साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कॅन्टीनच्या रांगेत उभे राहिले. आपल्या साहेबलोकांना ते पचायला वेळ लागला! आकुर्डीला बजाज आणि कावासाकी एकत्र आले. पुण्यात १९७० च्या दशकापासून जपानी शिकणाऱ्यांची पिढी तयार झाली, आणि आपल्यापैकी कित्येक जण त्याच वर्गांतून इथे आलो.

आणि एक जण आला तो परत गेलाच नाही. ओकायामा प्रांतात जन्मलेले भिक्षू सुरई ससाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला पोचले, डॉ. आंबेडकरांच्या धम्मकार्यात मिसळून गेले, दीक्षाभूमीच्या कामाशी जोडले गेले, पुढे भारताचे नागरिक झाले. त्याच ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून पुण्यात २००६ साली बाग झाली. तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं. जपानच्या प्रवासाचं 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या पुलंचं नाव जपानी बागेला, यापेक्षा चांगलं काय हवं?

शेवटी

सहकाऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "योकोहामाला यामाशिता पार्कात गेलात का कधी?"

गेलो होतो, जहाजाचे फोटो काढायला. यंदा पुन्हा गेलो. बागेच्या एका टोकाला घुमटाखाली पाण्याची एक टाकी आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामात राहणारे भारतीय व्यापारीही गेले. जे वाचले त्यांना तिथल्या लोकांनी आसरा दिला. त्याची आठवण आणि आभार म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी ती बांधून शहराला दिली. माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, हे आपलं आहे का त्यांचं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

वरळीला त्यांची माणसं निजली आहेत, योकोहामाला आपली. पुढच्या सुट्टीत मुंबईला गेलो की वरळीला उतरायचं ठरवलं आहे. बसमधून नुसतं बघायचं नाही. आणि यंदाच्या फराळातला पहिला डबा शेजारच्या आजींना. त्या दिवशी त्यांनी हाताला धरून खाली नेलं नसतं, तर आम्ही अजून चिठ्ठीच वाचत बसलो असतो!