क्षेत्रभेट आणि इतिहासाचे शिक्षण : वऱ्हाडातील काही स्थळांच्या निमित्ताने

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना इतिहास नीरस वाटतो, अशी तक्रार शिक्षक आणि पालक वारंवार करीत असतात. सनावळ्या पाठ करावयाच्या, परीक्षेत उतरवावयाच्या आणि विसरून जावयाच्या, असे या विषयाचे स्वरूप होऊन बसले आहे. परंतु त्याच विद्यार्थ्यांना एखाद्या प्राचीन स्थळी नेले, की ते न सांगता प्रश्न विचारू लागतात. उणीव जिज्ञासेची नाही. तिला विषय पुरविण्याची आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, किंबहुना सबंध वऱ्हाडात, असे विषय हाकेच्या अंतरावर आहेत.

काही वर्षांपूर्वी नववीच्या विद्यार्थ्यांसमवेत अकोला जिल्ह्यातील पातूरची लेणी पाहण्याचा योग आला. मी वाकाटक काळाविषयी बोलत होतो. एक विद्यार्थिनी मध्येच म्हणाली, "सर, हे बौद्ध लेणे आहे असे घरी सांगतात. पण ते कशावरून?" मी क्षणभर थांबलो. या लेण्यांच्या पंथाविषयी निरनिराळी मते मांडली गेली आहेत. "हो, आपलेच आहे" असे सांगून मला तिचे समाधान करता आले असते. मी तिला वही काढावयास सांगितले. दालनांची मापे घे, खांबांचे आकार काढ, भिंतीत आणि जमिनीवर काय कोरले आहे ते टिपून ठेव, मग आपण अन्य लेण्यांशी तुलना करू. पुढील दोन तास त्या मुलांना कोणी हाक मारावी लागली नाही.

क्षेत्रभेटीचे खरे मोल या "कशावरून" मध्ये आहे. सहल आणि क्षेत्रभेट यांत भेद करावयाचा तो येथेच. सहलीला गेलेला विद्यार्थी स्थळ पाहून येतो. क्षेत्रभेटीला गेलेला विद्यार्थी प्रश्न घेऊन जातो आणि पुरावा घेऊन येतो.

अचलपूर तालुक्यातील चमक या गावाचे उदाहरण घ्यावे. येथे शेत नांगरताना सापडलेला वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहे. त्यात भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील 'चर्मांक' ग्राम एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. चर्मांक आणि चमक, दीड हजार वर्षांत गावाचे नाव एवढेच काय ते झिजले! ताम्रपटाचे भाषांतर हाती घेऊन विद्यार्थी या गावी गेले, तर मधुनदी म्हणजे आजचा कोणता प्रवाह, हे त्यांना नकाशावरून आणि गावच्या वृद्धांकडून शोधता येईल. दान घेणाऱ्यांपैकी अनेकांची नावे ताम्रपटात आहेत. राज्याविरुद्ध द्रोह करू नये अशा अटीही त्यांच्यावर घातल्या आहेत. मात्र ती जमीन कसणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. हे मौन मुलांच्या ध्यानात आणून दिले, म्हणजे लेखात काय आहे याबरोबरच काय नाही तेही वाचावयास ती शिकतात.

ताम्रपटातील भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्याही काही शतके आधी, मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या दानलेखांत भोजकटच्या दिङ्नागा नावाच्या भिक्खुनीचे दान कोरलेले आहे. जमीन कसणारे ताम्रपटात अनाम राहिले आणि एक भिक्खुनी आपल्या नावानिशी दगडावर राहिली. भातकुलीच्या शाळेतील मुलीला हे ठाऊक असावयास नको काय?

सारीच स्थळे आपली वाट पाहत थांबणार नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे, पूर्णेच्या खोऱ्यात, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००२ नंतरच्या काही वर्षांत उत्खनन केले. तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्राचे संकट या स्थळावर आहे. त्याची नोंद घेणारे विद्यार्थी आज तयार झाले नाहीत, तर उद्या त्यांना केवळ पाणी दाखवावे लागेल.

बुडीत क्षेत्र माणसांच्या स्मृतीलाही असते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. त्या वर्षी ३ एप्रिलला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे अंक विद्यार्थ्यांनी वाचावेत आणि मग त्या शहरातून पायी फिरावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला नागपुरास गेलेले विशीतील तरुण आज नव्वदीच्या घरात आहेत. कोणत्या गावाहून, कशाने, कोणाबरोबर गेलात, शिदोरी काय होती, परत आल्यावर घरात काय बदलले, हे विचारण्यास उत्खननाची परवानगी लागत नाही. वहीवर तारीख, सांगणाऱ्याचे वय आणि त्याचेच शब्द एवढे उतरवले, तरी ते साधन होते. अशी एक वही प्रत्येक विहारात असावी.

दहावीच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात 'उपयोजित इतिहास' हा भाग आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पाठ वाचून क्षेत्रभेट होत नाही. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यावे, वर्गाचे लहान गट करावेत, प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा. शिल्पांना रंग, चुना वा खडू लावू नये. शेतात सापडलेले खापर उचलून घरी नेऊ नये, ते कोठे पडले होते ते लिहावे. कारण जागेवरून हललेले खापर मुके होते.

एक गोष्ट आपल्याच समाजाला नम्रपणे सांगावीशी वाटते. आपला इतिहास दडपला गेला, ही वेदना खरी आहे. म्हणून प्रत्येक कोरीव दगड बौद्ध ठरविण्याची घाई होते. बाबासाहेबांनी 'दि अनटचेबल्स' (१९४८) च्या प्रस्तावनेत गटेचा आधार घेऊन सांगितले, की खरे खोट्यापासून आणि निश्चित अनिश्चितापासून वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेशही हाच आहे : केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे. या आणि पाहा, असे त्याचे आवाहन आहे. ज्या धम्माने असे आवाहन केले, त्याच्या इतिहासाला मुलांच्या परीक्षेची भीती कशाला?

पातूरच्या त्या विद्यार्थिनीने काढलेली मापे माझ्याजवळ आहेत. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून अद्याप निघालेले नाही. मात्र परतताना तिने विचारले, "सर, पुढच्या वेळी मोजायला लांब टेप आणू का?" इतिहासाचे शिक्षण तेथे सुरू झाले होते.