हात कोणाचा?

गाठोडें बांधावयास दोरी किती हवी असें विचारलें, तर घरांतील वडील मनुष्य पट्टी शोधीत बसत नाहीं; ‘चार हात पुरे’ असें सांगून मोकळा होतो. बोट, मूठ, टीच, वीत, हात हीं सारीं मापें देहांतूनच निघालीं. विहिरीची खोली सांगणारा ‘परस’ हा तर ‘पुरुष’ या शब्दाचाच अपभ्रंश होय. हीं मापें सदैव जवळ असतात, हरवत नाहींत आणि त्यांस दामही पडत नाहीं. उणीव एकच : कोणत्याही दोन माणसांचा हात सारखा नसतो. कापड घरचें आणि शिवणाराही घरचा, तोंवर या उणिवेचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. शेत मोजून त्यावर सारा बसूं लागला, तेव्हां मात्र ‘हात कोणाचा?’ या प्रश्नावर कुणब्याचें पोट अवलंबून राहिलें.

कौटिलीय अर्थशास्त्रांत अंगुलाचें माप दोन प्रकारें दिलें आहे. जवाच्या आठ दाण्यांची मध्यभागींची रुंदी, अथवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी. येथें राजाचें बोट घेतलेलें नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अशा २४ अंगुलांचा एक हात. परंतु गायरानें मोजण्यास २८ अंगुलांचा, छावणी व दुर्ग यांच्या कामास ४२ अंगुलांचा आणि अरण्यासाठीं ५४ अंगुलांचा हात त्याच ग्रंथांत सांगितला आहे. ब्राह्मणांस दान द्यावयाच्या भूमीचा दंड तर १९२ अंगुलांचा, म्हणजे नेहमींच्या ९६ अंगुलांच्या दंडाच्या दुप्पट. लांबी दुप्पट झाली कीं क्षेत्र चौपट होतें. आंकडा तोच ठेवून दान वाढविण्याची ही युक्ति मोठी सोयीची खरी!

अकबराच्या अमदानींत तंटा हाताचा न राहतां दोरीचा झाला. जमीन तागाच्या दोरीनें मोजीत. दहिवरानें भिजली कीं दोरी आखडे, उन्हानें सुकली कीं लांबे. तेंच शेत पहाटे मोठें आणि दुपारीं लहान ठरे. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त हा घोळ नोंदविला आहे. कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं, म्हणजे इ. स. १५७४-७५ च्या सुमारास, लोखंडी कड्यांनीं जोडलेल्या बांबूंची जरीब सुरू झाली.

महाराष्ट्रांत शिवाजीमहाराजांच्या (१६३०-१६८०) व्यवस्थेंतही दोरीऐवजीं काठी आली. सभासदाच्या बखरीप्रमाणें ती पांच हात व पांच मुठी लांब. हात चौदा तसूंचा, आणि काठी एकूण ८२ तसूंची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पांच हातांचे सत्तर तसू होतात. म्हणजे मुठींच्या वांट्यास बारा आले. हे बारा तसू किरकोळ नव्हेत. नुसत्या पांच हातांच्या काठीनें जी जमीन सुमारें १३७ बिघे भरली असती, ती या काठीनें १०० बिघेच भरते. बिघ्यामागें आकार ठरलेला असला, तर काठी आंखूड करणें म्हणजे दर न वाढवितां सारा वाढविणेंच होय. तसूंत बांधलेल्या काठीमुळें मोजणाराच्या मुठीस मात्र वाव उरला नाहीं.

इंग्रजी अमलांत ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा गुंठा रूढ झाला. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. १९५६ च्या कायद्यानें मीटर आला, तरी जमिनीचा सौदा अद्याप गुंठ्यावर ठरतो आणि लुगडें नऊवारीच म्हणविलें जातें.