गवेषणी ते सागर निधी : गरम झऱ्यांचा शोध

पिंगुळी म्हटलं की लोकांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. खोल समुद्राशी आमच्या गावाचा थेट संबंध काहीच नाही. पण इथून हायवेने दक्षिणेला निघालं की दोन-अडीच तासांत दोना पावला येतं, आणि भारताच्या सागरी मोहिमांचा बराचसा इतिहास तिथेच घडलाय. आज त्याबद्दल थोडं.

१९६२ ते १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. संस्थेला 'गवेषणी' हे जहाज मिळालं १९७६ मध्ये, तेही मूळची बार्ज बदलून बनवलेलं! याच जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे वर काढले. तेव्हापासून आपलं लक्ष त्या गोळ्यांवर राहिलं.

दरम्यान १९७७ मध्ये गालापागोसजवळ अमेरिकन भूशास्त्रज्ञांना अडीच हजार मीटरवर गरम झरे सापडले. भोवती शिंपले, लांबच लांब नळीकिडे... आणि जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नाही! सूर्यप्रकाश नसताना हे जगतात कसे? तर तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा मिळवून अन्न बनवतात. समुद्राचं पाणी भेगांतून आत मुरतं, खालच्या उष्णतेने ३५०-४०० अंशांपर्यंत तापतं, पण प्रचंड दाबामुळे उकळत नाही. खडकातले धातू विरघळवून ते वर येतं, थंड पाण्यात धातू साचतात आणि चिमण्या उभ्या राहतात.

आता गंमत बघा. आपल्या शास्त्रज्ञांना अशा जिवंत झऱ्याचे पहिले फोटो मिळाले डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. जहाज 'सागर निधी', जागा दक्षिण हिंदी महासागर, खोली सुमारे ४५०० मीटर. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांचं हे काम. एवढा उशीर का? झरा लहान आणि पर्वतरांग हजारो किलोमीटर. आधी पाण्यातल्या गढूळपणावरून, तापमानातल्या बारीक फरकावरून माग काढायचा (आम्ही लॉग वाचून बग शोधतो, तसंच), मग तळाजवळून फिरणारं स्वयंचलित यान सोडायचं. असं यान हाताशी नसेल तर फोटो कुठला?

इथवर सगळं कौतुकाचंच. पण २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १०,००० चौरस किलोमीटरचा जो करार केला, तो या सल्फाइड साठ्यांच्या शोधाचा आहे. करार उत्खननाचा नाही हे खरं, पण शोधामागे तांबं-जस्त आहेच. आणि याच महासागरातल्या झऱ्यांवर पायावर लोहाचे खवले असलेली गोगलगाय राहते. २०१९ मध्ये ती धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली, कारण खाणकामाची शक्यता.

आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालत नाहीत. समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचाही तो काळ. तसंच इथेही आधी कोण कुठे राहतं ते मोजूया, तांब्याचा हिशेब मग. तुम्हाला काय वाटतं?