शंभर टक्के भरलं म्हणजे नेमकं किती?



पावसाळा ऐन भरात आला की आपल्या भागात एक बातमी येते : डिंभे धरण शंभर टक्के भरलं. ऐकून बरं वाटतं. कालव्याला आवर्तन सुटणार, कांदा-बटाटा हाती लागणार. मग लगेच दुसरी बातमी येते : घोड नदीत इतके हजार क्युसेक विसर्ग सोडला, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. भरलं, टक्के, विसर्ग, क्युसेक, सांडवा, गळती. हे शब्द रोज कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ साहेबांनाच कळायचा असं आपण धरून चाललो आहोत. आज या शब्दांचा इतिहास सांगते. यातल्या काही शब्दांना वजन आलं ते कुठलं तरी धरण फुटल्यावर.

आधी ‘शंभर टक्के’ बघू. हंडा शंभर टक्के भरला म्हणजे काठोकाठ भरला. धरणाचं तसं नसतं. पाणी जिथवर साठवायचं ठरलेलं असतं, तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. मोठा पूर आला तर पाणी आणखी जिथवर चढू द्यायचं, ती महत्तम पूर पातळी. तिच्याही वर भिंतीचा थोडा भाग मोकळा राखतात, लाटांसाठी आणि अचानक येणाऱ्या संकटासाठी. म्हणजे शंभर टक्के झालं तरी भिंतीला काठ उरलेला असतो. जास्तीचं पाणी सांडून जायची जी वाट, तो सांडवा. सांडणं या आपल्या घरच्या शब्दातूनच तो आलाय.

खालच्या बाजूलाही असाच हिशोब आहे. मोरीच्या तोंडाखाली जे पाणी राहतं ते कालव्यात येत नाही, म्हणून त्याला मृतसाठा म्हणतात. बातमीतले टक्के बहुतेक वेळा मृतसाठा सोडून, उरलेल्या उपयुक्त साठ्याचे असतात. आपल्या घोड नदीचं पाणी पुढे भीमेतून उजनीला जातं. उजनीत एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास 64 टीएमसी मृतसाठा आहे. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे वीस टक्के’ अशी बातमी येते. धरणात पाणी असतंच, आणि तेच ‘मृत’ पाणी उपसून माणसं जगतात.

आता वरच्या काठाची गोष्ट. 12 जुलै 1961. पुण्याच्या वरच्या अंगाला पानशेतचं मातीचं धरण नवीनच बांधलेलं होतं. पाणी सोडायच्या मोरीचं आणि तिच्या दरवाजांचं काम पुरं झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडलं. मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. काठ मोकळा राखला होता, पण काठच खाली बसायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि कितीतरी माणसांना पळायला वेळ मिळाला. ते पाणी खालच्या खडकवासल्यावर आलं. ते इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण, तेही तुटलं. नारायण, शनिवार, कसबा या पेठांमधून पाणी फिरलं, हजारो संसार गेले.

पानशेतनं दोन गोष्टी शिकवल्या. एक, भिंत कितीही उंच असो, मोरी, दरवाजा आणि भराव तिच्याइतकेच महत्त्वाचे. दुसरी, धरणं एकटी नसतात, माळेतल्या मण्यांसारखी असतात. डिंभ्याच्या खाली घोड धरण आहे, त्याच्या खाली उजनी. वर काय चाललंय हे खालच्याला वेळेवर कळायलाच हवं.

दुसरा शब्द ‘गळती’. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडं पाणी झिरपतं. तो पाझर. पायथ्याशी चारी काढून तो मोजतात. पाणी नितळ आणि रोजच्याइतकंच असेल तर घाबरायचं कारण नसतं. पण ते गढूळ यायला लागलं तर समजावं की पाण्याबरोबर धरणाची मातीही वाहून चाललीय. पाझर अचानक वाढला तर धोका, आणि अचानक थांबला तरीही तपासायलाच हवं. आत कुठंतरी वाट बदललेली असू शकते.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे गाव आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. धरण गळतंय, असं गावकरी आधीपासून सांगत होते. फुटल्यावर त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं, आणि महाराष्ट्रभर त्यावर चर्चा झाली. पण खरा प्रश्न खेकड्यांचा नव्हताच. गावानं ‘गळती’ म्हटलं, तेव्हा त्या शब्दाला कागदावर किती किंमत मिळाली, हा होता.

धरण सुरक्षा विधेयक तेव्हा बरीच वर्षं रखडलेलं होतं. तिवऱ्यानंतर बरोबर एका महिन्यानं, 2 ऑगस्ट 2019 ला, ते लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत डिसेंबर 2021 मध्ये झालं आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेपासून कायदा लागू झाला. त्यातल्या शब्दांच्या व्याख्या आपण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

कायद्यात धरण ‘निकामी होणं’ म्हणजे नुसती भिंत फुटणं नव्हे. ठरलेल्या पद्धतीला सोडून धरण चालवलं आणि त्यामुळे पाणी बेताबाहेर जाऊन खाली पूर आला, तर तेही निकामी होणंच. म्हणजे भिंत जागेवर शाबूत असली, तरी दरवाजे चुकीच्या वेळी, चुकीच्या रीतीनं उघडले तर जबाबदारी टळत नाही. फुटायच्या आधीच्या खुणांनाही वेगळं नाव दिलंय : धरणाची ‘घटना’. वाढलेली गळती, एकाएकी थांबलेला पाझर, न हलणारा दरवाजा, हे सगळं त्यात येतं. तिवऱ्याचे लोक जे तोंडानं सांगत होते, त्याला आता कायद्यात जागा आहे.

हा कायदा मुख्यतः 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरची धरणं लांबी, साठा, पुराचं पाणी अशा काही अटींत बसली तर येतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांची तपासणी करायची आहे, आणि संकटात काय करायचं याचा आराखडाही ठेवायचा आहे. पण आपल्या शिवारातले पाझर तलाव, छोटे बंधारे यातले बरेचसे या मापात बसत नाहीत. मापात बसत नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. तिथं डोळे आपलेच.

शेवटचा शब्द ‘क्युसेक’. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास 2 लाख 83 हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर एका सेकंदात नदीत ओतल्यासारखं. पुढच्या वेळी बातमी ऐकाल तेव्हा मोटर काढायला, शेळ्या सोडवायला किती घाई करायची, ते या हिशोबानं ठरवा.

डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावाच्या नावानं आपला तालुका ओळखला जातो, ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. धरणासाठी आपल्या माणसांनी एवढं दिलंय, तर धरणाबद्दल विचारायचा हक्क आपला आहेच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत आपल्या बचत गटातून चार प्रश्न मांडा. आपल्या वरच्या धरणाची किंवा तलावाची पावसाळ्याआधीची तपासणी झाली का? पाझर मोजतात का, आणि पाणी नितळ आहे का? पाणी सोडण्याआधी आपल्या वाडीला कोण, कसं आणि किती आधी कळवणार? आणि रात्री पाणी आलं तर म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना घेऊन जायचं कुठं?

आणि उत्तर तोंडी देऊन भागणार नाही. ते इतिवृत्तात लिहून घ्या.