खोट्या नगरीची खरी वाट

इतिहासाची गोडी लागण्यास इतिहासाचें उत्तम पुस्तकच हातीं पडावें लागतें, असा एक समज आहे. आणि शिक्षकवर्गांत तर तो विशेष दृढ असतो. परंतु बालमन ज्या दारानें भूतकाळांत शिरतें, तें दार पुष्कळदां मोडकें असतें आणि त्यावरील पाटीही चुकीची असते. २००० सालीं अमेरिकेंत निघालेला 'द रोड टु एल डोराडो' हा हालत्या व्यंगचित्रांचा विनोदी बोलपट अशा दाराचें चांगलें उदाहरण होय.

या बोलपटावर सुमारें साडेनऊ कोटी डॉलर खर्च झाले आणि तेवढेही परत आले नाहींत. पण त्या वेळीं ज्या मुलांनीं तो पाहिला, त्यांच्यापैकीं अनेकांनीं मोठेपणींही त्यावरचें प्रेम सोडलें नाहीं. तुलिओ व मिगेल हे स्पेनमधील दोन भामटे बनावट फांशांच्या जोरावर सुवर्णनगरीचा नकाशा जिंकतात आणि पिंपांत दडतात, तों तीं पिंपें हेर्नान कोर्तेस या सेनानीच्या जहाजावर चढतात! तेथून एका घोड्यासह होडींतून निसटून ते नेमके त्या नगरीच्या किनाऱ्यास लागतात. तेथील लोक त्यांस देव समजतात, आणि हें देवपण निभावतांना दोघांची जी तारांबळ उडते, तींतच सारी गंमत आहे.

दोष काढूं गेल्यास त्यांना तोटा नाहीं. कोर्तेस या मोहिमेसाठीं स्पेनहून निघालाच नव्हता. तो १५०४ मध्येंच मायदेश सोडून गेला होता, आणि १५१९ च्या फेब्रुवारींत ११ जहाजें, सुमारें ५०० सैनिक व १६ घोडे घेऊन तो निघाला तो क्यूबाहून. 'एल डोराडो' ही दंतकथा मेक्सिकोकडची नव्हे, तर दक्षिणेस दूरवर असलेल्या आजच्या कोलंबियांतील आहे. ती युरोपियनांच्या कानीं पडली तीही पुढें कांहीं वर्षांनीं. म्हणजे १५१९ मध्यें तिचा नकाशा असणें शक्यच नव्हतें.

मात्र हे दोष कोणामुळें उघडकीस येतात? बहुधा त्या बोलपटावर प्रेम करणाऱ्या मुलामुळेंच. 'ही नगरी खरोखर होती काय?' असें तें विचारतें, आणि उत्तर शोधूं लागल्यावर त्याला नगरीऐवजीं माणूस भेटतो. एल डोराडो या शब्दांचा अर्थच 'सोन्यानें मढविलेला पुरुष' असा आहे. बोगोट्याच्या ईशान्येस डोंगरांत ग्वाताविता नांवाचें वाटोळें सरोवर आहे. मुइस्का लोकांचा नवा अधिपति अंगास सोन्याची भुकटी माखून तराफ्यावरून त्याच्या मध्यभागीं जाई आणि सोनें व पाचू पाण्यास अर्पण करी, अशी हकीकत १६३६ मध्यें लिहिलेल्या एका ग्रंथांत आहे. १९६९ सालीं पास्का गांवाजवळील गुहेंत सोन्याचा एक लहानसा तराफा सांपडला. त्याची लांबी पुरती वीतभरही नाहीं. पण मधोमध अधिपति आणि भोंवतीं त्याचे सेवक त्यावर स्पष्ट ओळखूं येतात.

त्या पाण्यानें पुढें किती जणांना वेड लावलें! १५४५ च्या सुमारास बादल्यांनीं सरोवर उपसण्याचा यत्न झाला. पुढें त्याच शतकांत सेपुल्वेदा नांवाच्या व्यापाऱ्यानें कांठाचा डोंगर कापून पाणी काढलें. दरड कोसळून मजूर मेले, आणि त्या कापाची खांच आजही दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभीं एका इंग्रज कंपनीनें तळें रितें केलें, तों उघडा पडलेला चिखल उन्हानें विटेसारखा घट्ट झाला. शेवटीं १९६५ मध्यें कोलंबियाच्या सरकारनें ही खटपटच बंद केली.

मुलाचा दुसरा प्रश्न बोलपटांतील चेंडूचा. तेथें चेंडूच्या जागीं एक खवलेदार प्राणी उडतो, हा निव्वळ थट्टेचा भाग. पण कमरेनें चेंडू मारून दगडी कड्यांतून घालविण्याचा खेळ मध्य अमेरिकेंत खरोखर होता. चिचेन इत्झा येथील त्याचें अंगण सुमारें १६८ मीटर लांब आहे. चेंडू रबराचा असे, आणि रबराच्या चिकांत एका वेलीचा रस मिसळून त्याला उसळी आणण्याची युक्ति त्या लोकांस तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं साधली होती.

तिसरा प्रश्न घोड्याचा, आणि त्याचें उत्तर सर्वांत चटका लावणारें आहे. १५२५ मध्यें होंडुरासकडे जातांना कोर्तेसनें आपला लंगडा झालेला घोडा ग्वातेमालांतील इत्झा लोकांच्या राजाकडे सोंपविला. असें जनावर त्यांनीं पूर्वीं पाळलेलें नव्हतें. तो मेला. १६१८ मध्यें दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक तेथें पोंचले, तेव्हां घोड्याची पाषाणमूर्ति पूजेंत होती. त्यांतील एकानें ती फोडून टाकली.

देव समजले जाण्याची गोष्ट मात्र जपून घ्यावी लागते. मेक्सिकोच्या लोकांनीं कोर्तेसला देव मानलें, ही कथा विजयानंतर कांहीं दशकांनीं लिहिलेल्या ग्रंथांतून रूढ झाली, असें आज पुष्कळ इतिहासकार मानतात. पराभूतांना भोळें ठरविणें जेत्यांना नेहमींच सोईचें असतें. बोलपटाचा खरा दोष येथें आहे, सनावळींत नव्हे. कारण चुकलेलें साल सहज दुरुस्त होतें, पण हंसतां हंसतां मनांत बसलेला गैरसमज सहज निघत नाहीं.

तरीही त्याचा शेवट विसरतां येत नाहीं. कोर्तेसची सेना जवळ आली असतां ते दोघे भामटे सोन्यानें भरलेलें जहाज कड्यावर आदळून नगरीची वाट कायमची बुजवितात. सोनें जातें, नगरी वांचते. इतिहासांत नेमकें उलट घडलें. १३ ऑगस्ट १५२१ रोजीं मेक्सिकोची राजधानी पडली, आणि वाट बुजविणारें कोणी तेथें नव्हतें. हा फरक ज्या मुलाच्या ध्यानीं आला, त्याच्या इतिहासशिक्षणाचा खरा आरंभ झाला. असें मूल चुकीच्या पाटीखालून आंत शिरलें, एवढ्यावरून त्याला माघारीं धाडूं नये; आंतला दिवा तेवढा वडीलधाऱ्यांनीं लावून ठेवावा.